नोजवेट आणि गाडीचं सस्पेन्शन: कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेणारे वाढलेत आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळे लिहून काढलेत. आकडे आणि नियम ब्रिटनचे आहेत. ज्यांनी अजून पहिल्यांदा हिच जोडलेलंच नाही त्यांनी वरून वाचा, बाकीच्यांनी आपला प्रश्न शोधा.

१. नोजवेट म्हणजे नक्की काय? कॅरॅव्हॅनचं वजन आणि हे वेगळं का?

कॅरॅव्हॅनचं नाक, म्हणजे पुढचं हिच (जोडणीचं तोंड), गाडीच्या टोबॉलवर (गाडीमागच्या टोबार नावाच्या दांड्यावरच्या गोळ्यावर) जेवढं खाली दाबतं तेवढं नोजवेट. कॅरॅव्हॅनचं बहुतेक वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं, थोडं गाडीवर येतं, ते हे थोडं.

ज्यांनी गावाकडे बैलगाडी पाहिलीये त्यांना दोन वाक्यांत कळतं. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला ओढ बसते, माल पुढे जास्त झाला की जू मानेवर रुततं आणि बैल दमतो. आजोबा गाडी भरून झाली की दांडी हाताने उचलून बघायचे आणि मग एखादं पोतं पुढेमागे सरकवायचे, तेच आपण इथे किलोत मोजून करतो, एवढाच फरक.

२. मग किती असावं?

ब्रिटनमध्ये सर्रास सांगितला जाणारा अंदाज म्हणजे भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के. भरून १,३०० किलो असेल तर ६५ ते ९१ किलो. इथे "भरलेल्या" हा शब्द महत्त्वाचा, ब्रोशरमधलं रिकामं वजन घेऊन हिशोब केला तर आकडा कमी येतो आणि तुम्ही कमी नोजवेटवर निघता.

ही टक्केवारी म्हणजे सल्ला आहे, कायदा नाही. कायद्याला लागतात त्या पाट्यांवरच्या मर्यादा, त्या पुढच्या प्रश्नात.

३. मर्यादा कुठे लिहिलेली असते? गाडीच्या पुस्तकात एक आणि टोबारवर दुसरीच दिसतेय.

तीन जागा बघायच्या आणि तिन्हीतला सगळ्यात लहान आकडा आपला धरायचा.

पहिली जागा गाडीचं हँडबुक. दुसरी टोबारवरची पाटी, तिच्यावर "एस" असं अक्षर असतं आणि पुढे किलो, शेजारी "डी" पण असतो पण तो ओढण्याच्या ताकदीचा, त्याच्याशी गल्लत करू नका. तिसरी जागा कॅरॅव्हॅनच्या हिचवरची किंवा चॅसीवरची पाटी, बऱ्याच ब्रिटिश सिंगल ॲक्सल कॅरॅव्हॅनवर ती १०० किलो सापडेल.

उदाहरण घ्या, टोबार ९० म्हणतोय, कॅरॅव्हॅन १०० म्हणतेय आणि गाडीचं पुस्तक ७५ म्हणतंय, तर तुमची मर्यादा ७५. टोबार बसवणाऱ्याने "अहो हा ९० चा आहे, बिनधास्त जा" सांगितलं तरी ७५. मागची गाडी मी सेकंडहँड घेतली तेव्हा विकणाऱ्याने मला हेच ऐकवलं होतं आणि मी वर्षभर खुशाल ८५ वर फिरत होतो.

मर्यादेच्या वर पकडलं गेलं तर दंड आणि लायसन्सवर पॉइंट्स होऊ शकतात, आणि अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी हेच आकडे मागतील.

४. आमच्या गाडीची मर्यादा ७५ आणि कॅरॅव्हॅन भरून १,५०० किलो. ७ टक्के म्हणजे १०५ होतात. आता काय करू?

मर्यादा जिंकते, टक्केवारी हरते. १,५०० चे ५ टक्के बरोब्बर ७५, म्हणजे तुम्ही काठावर आहात, ७० ते ७५ च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न करा आणि वर अजिबात जाऊ नका.

पण खरं सांगू का, ही जोडीच थोडी विजोड आहे. मर्यादेमुळे ५ टक्क्यांच्याही खाली जावं लागत असेल तर त्या गाडीला ती कॅरॅव्हॅन जड आहे असं समजा. नवशिक्यांना इथे आणखी एक सल्ला देतात, कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या कर्बवेटच्या (माणसं-सामानाशिवाय, निघायला तयार गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणून. तोही कायदा नाही पण मी पाळतो. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी टेस्ट लागत नाही, पण लायसन्सने परवानगी दिली म्हणून गाडीला झेपतंच असं नाही.

५. घरच्या घरी कसं मोजायचं? बाथरूममधला वजनकाटा चालतो का?

चालतो, आणि मी अजून तोच वापरतो. काटा शक्यतो जुना सुईवाला घ्या, डिजिटल काटे मध्येच झोपी जातात.

कॅरॅव्हॅन प्रवासाला भरतो तशी पूर्ण भरा, गॅस सिलिंडर, बॅटरी, ऑनिंग (कॅरॅव्हॅनला बाहेरून जोडायचा तंबू), भांडीकुंडी सगळं आपापल्या जागी. जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक (अडसर) लावा, चारही कोपऱ्यांचे स्टेडी (टेकू) वर घ्या, आत कोणी बसलेलं नको (आमच्या धाकट्याने एकदा आतून उडी मारली आणि सुई १२० वर गेली, मी घाबरलोच). आता गाडी भरून, कॅरॅव्हॅन जोडून टोबॉलचा मध्य जमिनीपासून किती उंच राहतो ते आधीच मोजून ठेवलेलं असलं पाहिजे. तेवढ्या उंचीवर हिच येईल असा जाड लाकडी ठोकळा किंवा दांडका कापा, काट्याची जाडी वजा करून. काट्यावर लहान फळी ठेवा म्हणजे भार पसरेल, फळीवर दांडका उभा, दांडक्यावर हिच. मग जॉकी व्हील (नाकाखालचं छोटं वर-खाली होणारं चाक) हळूहळू वर फिरवा, ते जमिनीवरून सुटलं की सगळा भार काट्यावर आला, आकडा वाचा आणि जॉकी व्हील परत खाली.

दांडका निसटू शकतो. पाय, हात, मुलं, कुत्रा काहीही हिचखाली नको, आणि सोबत दुसरं माणूस असू द्या.

६. नोजवेट गेज विकत घ्यावा का? जॉकी व्हीलमध्येच गेज असलेलं मिळतं ते कसं?

हिचखाली लावायचा नळीसारखा गेज मिळतो, चांगल्यापैकी घेतला तर साइटवरून परत निघतानाही मोजता येतं, काटा आणि दांडका कोण घेऊन फिरणार. एकदा घरच्या काट्याशी ताडून बघा. स्प्रिंगवाले स्वस्त गेज वजन आलं की दबतात आणि हिचची उंची बदलते, उंची का महत्त्वाची ते प्रश्न ७ मध्ये.

जॉकी व्हीलवाल्याची गंमत वेगळी आहे. जॉकी व्हील हिचच्या मागे, चाकांच्या जास्त जवळ असतं, त्यामुळे तिथे येणारा भार हिचपेक्षा जास्त असतो. समजा ॲक्सलपासून हिच ४ मीटरवर आहे आणि जॉकी व्हील ३.४ मीटरवर, तर हिचवर ७५ किलो असताना जॉकी व्हीलवर साधारण ८८ येतील. तो आकडा खरा मानून सामान मागे सरकवलं की नोजवेट गरजेपेक्षा कमी. उत्पादकाने फरक धरून मोजपट्टी आखलेली असेल तर ठीक, तरी हिचखालचं मोजमाप ते खरं.

आणि पब्लिक वेब्रिजवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) नोजवेट मोजायच्या भानगडीत पडू नका, बरेच काटे वीस-वीस किलोच्या पायरीने वाचतात. तिथे एकूण वजन आणि ॲक्सलचं वजन मात्र जरूर करून घ्या.

७. मी तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. काटा बिघडलाय का?

बहुतेक नाही, हिचची उंची प्रत्येक वेळी वेगळी होती. कॅरॅव्हॅनच्या वजनाचा मध्यबिंदू ॲक्सलपेक्षा बराच वर असतो, नाक वर केलं की तो मागे झुकतो आणि नोजवेट कमी होतं, नाक खाली केलं की वाढतं. म्हणून टोबॉलच्या उंचीवरच मोजायचं, आणि जमीन उताराची असेल तर तो आकडा सोडूनच द्यायचा. दोनतीन किलोंचा फरक तरीही येणारच, तेवढ्यासाठी जीव काढू नका. पण मर्यादा ७५ असेल तर ७५ वर न थांबता ७२ च्या आसपास ठेवा.

ट्विन ॲक्सलवाल्यांनी प्रश्न १४ आधी वाचा.

८. नोजवेट जास्त आलंय. पुढचं सामान मागच्या लॉकरमध्ये टाकलं की झालं ना?

आकडा कमी होईल, पण हाच तो घोळ ज्यात सगळे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

हिचपासून ॲक्सल ४ मीटर धरा. २० किलोची वस्तू ॲक्सलच्या २.५ मीटर मागे ठेवली तर नोजवेट २० गुणिले २.५ भागिले ४, म्हणजे १२.५ किलोने कमी होतं. आता दुसरा मार्ग, नाकाजवळ ॲक्सलच्या २.५ मीटर पुढे असलेली २० किलोची वस्तू उचलून सरळ ॲक्सलवर आणून ठेवली, तरी नोजवेट तेवढंच, १२.५ ने कमी. काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रस्त्यावर मात्र पहिला मार्ग वेडा आणि दुसरा शहाणा. टोकाला ठेवलेलं वजन एकदा झोके घ्यायला लागलं की थांबत नाही, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो, २.५ मीटरवरची वस्तू अर्ध्या मीटरवर आणली तर तिचा झोक्यातला वाटा पंचवीसपट कमी होतो. बाथ युनिव्हर्सिटीत गाडी आणि कॅरॅव्हॅनच्या स्थिरतेवर प्रयोग झालेत, त्यातही नोजवेटइतकंच हे वजनाचं पसरणं महत्त्वाचं ठरलं.

तर जड वस्तू ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. आमच्याकडे जड म्हणजे दहा किलो आट्याची पिशवी, तांदूळ, दोन कुकर आणि मोटर लावलेला ओला ग्राइंडर (हो, नेतो आम्ही), हे सगळं मधल्या बाकाखाली. उशा, पांघरुणं, पोह्यांचे डबे वरच्या कपाटात. ऑनिंगची पिशवी वीस-पंचवीस किलो भरते, ती प्रवासात दारातल्या मोकळ्या जमिनीवर. मागच्या लॉकरमध्ये फक्त हलकंफुलकं.

पाण्याचाही हिशोब ठेवा, एक लिटर म्हणजे एक किलो. आतली पाण्याची टाकी, हीटरमधलं दहाएक लिटर, आणि सांडपाण्याची टाकी असेल तर ती, निघण्याआधी सगळं रिकामं. सिलिंडरवर ६ किलो लिहिलेलं असतं ते फक्त आतल्या गॅसचं वजन, लोखंडाचं वेगळं.

९. आणि कमी आलं तर? कमी असणं चांगलंच ना, गाडीला त्रास कमी?

अजिबात नाही. थोडं जास्त नोजवेट गाडीला त्रास देतं, कमी नोजवेट तुम्हाला. नाक हलकं असलं की मागची शेपूट रस्त्यावर डोलायला लागते.

आमची दुसरीच ट्रिप, डेव्हनहून परत येताना एम५ मोटरवेवर. जाताना सगळं नीट होतं, येताना घाईत ओली ऑनिंग मागच्या बाकावर टाकली, ओली म्हणजे तिचं वजन आणखी वाढलेलं, आणि सांडपाणी काढायचं विसरलो. ताशी ५८ मैलांवर उतारावर एका लॉरीने ओव्हरटेक केलं, आधी कॅरॅव्हॅन तिच्याकडे खेचली गेली, मग दूर ढकलली गेली आणि मग डावी उजवी डावी उजवी. सावरलं कसंबसं. सर्व्हिसेसमध्ये थांबून दोघांनी मिळून ऑनिंग पुढे आणली, पाणी काढलं. घरी आल्यावर मुद्दाम तसंच भरून मोजलं तेव्हा १,३५० किलोच्या कॅरॅव्हॅनला नोजवेट ३८ आलं. तेव्हापासून परतीच्या आधी सुद्धा मोजतो.

१०. हिच जोडलं की गाडी मागून खाली बसते. किती बसणं नॉर्मल?

थोडं बसणारच. नोजवेट ८० असलं तरी मागच्या ॲक्सलवर ८० पेक्षा जास्त येतं कारण टोबॉल ॲक्सलच्या मागे असतो. व्हीलबेस २.७ मीटर आणि टोबॉल ॲक्सलच्या १ मीटर मागे धरला तर मागच्या चाकांवर साधारण ११० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० कमी होतात. म्हणूनच पुढची चाकं ओढणारी गाडी ओल्या गवतावर जागच्या जागी चाकं फिरवते, स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचे लोक लाइट मारतात कारण तुमचे हेडलाइट वर बघतायत. हेडलाइटची चकती असेल तर फिरवून खाली घ्या.

मोजायचं कसं, तर चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टी लावा, जमिनीपासून नको कारण टायर दबतो त्याचाही फरक त्यात येतो. तीनदा मोजा: गाडी रिकामी, माणसं-सामान भरून, आणि मग कॅरॅव्हॅन जोडून. चारही चाकांना. माझ्या आधीच्या गाडीत जोडल्यावर मागे ४ सेंटिमीटर खाली आणि पुढे १ वर जायचं.

सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एक आकडा नसतो. बघायचं हे: कॅरॅव्हॅन सपाट किंवा नाक जरासं खाली अशी उभी राहतेय का, आणि मागच्या सस्पेन्शनला खड्ड्यात खाली जायला जागा उरलीये का. प्रत्येक स्पीड ब्रेकरला मागून धाड् आवाज येत असेल तर उरलेली नाही. डाव्या उजव्यात फरक दिसला तर नोजवेटला दोष देण्याआधी स्प्रिंग तपासा, इथल्या हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर कॉइल स्प्रिंग गंजून तुटणं फार कॉमन आहे आणि तुटलेली कळतही नाही.

११. शॉक ॲब्सॉर्बर बदलले की गाडी वर येईल ना? गॅरेजवाला तसंच म्हणतोय.

साधे असतील तर नाही. वजन धरते ती स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर फक्त उसळी शांत करतो. गाडी बसली तर स्प्रिंगकडे किंवा वजनाकडे बघा. उंचवट्यानंतर गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून दोन-तीनदा मान डोलावत राहिल्या, तर शॉककडे. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेला. कोपरा दाबून सोडायची जुनी युक्ती अगदीच मेलेला शॉक पकडते, अर्धा गेलेला नाही.

गाडीच्या एमओटीमध्ये (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत) हे बघतात, पण एमओटी जानेवारीत झाली आणि तुम्ही ऑगस्टमध्ये निघताय तर मध्ये सात महिने गेलेत. कॅरॅव्हॅनला तर एमओटीच नसते, तिची काळजी पूर्ण तुमच्यावर.

अपवाद एक, आतूनच उंची सावरणारे शॉक, ते प्रश्न १३ मध्ये.

१२. स्प्रिंग असिस्टर, एअर बॅग, जाड स्प्रिंगा, यातलं काय घ्यावं? ते लावले की नोजवेटची मर्यादा वाढते का?

उलट्या क्रमाने सांगतो. मर्यादा एक ग्रॅमने वाढत नाही. पाटीवरचा ७५ हा ७५ च राहतो, मागच्या ॲक्सलची मर्यादाही तीच. गाडी सरळ उभी दिसायला लागते एवढंच, आणि त्यातला धोका असा की जास्त वजन डोळ्याला दिसेनासं होतं. म्हणून आधी मोजा, मग सामान हलवा, मागच्या टायरमध्ये फुल लोडची हवा भरा (दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेली असते, आणि अर्ध्या लोकांनी ती कधी वाचलेलीच नसते), आणि एवढं करूनही बसत असेल तरच पैसे खर्चा.

कॉइलच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी किंवा पॉलियुरेथिनचे ठोकळे, म्हणजे स्प्रिंग असिस्टर, सगळ्यात स्वस्त, पण स्प्रिंगची चाल कमी करतात आणि रिकाम्या गाडीत पाठीला कळतात. कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या मला बऱ्या वाटतात, ओढायच्या वेळी हवा भरायची, घरी आल्यावर काढायची, मात्र दोन्ही बाजूंना सारखं प्रेशर. मूळ स्प्रिंग काढून जास्त ताकदीची बसवणं हे महिन्यातून दोनदा जाणाऱ्यांसाठी, वर्षातून दोनदा जाणाऱ्यांसाठी नाही. काहीही लावलं तरी इन्शुरन्सला कळवा, ते मॉडिफिकेशन धरतात.

१३. माझ्या गाडीला सेल्फ लेव्हलिंग आहे. मग मला हे सगळं करायची गरज नाही, बरोबर?

बसण्याचा प्रश्न सुटतो, नोजवेटचा नाही. एअर सस्पेन्शन गाडी सपाट ठेवतं पण ॲक्सलवरचं वजन तेच राहतं. उलट अशा गाडीत डोळ्यांनी काहीच कळत नाही म्हणून काट्याची गरज जास्त.

दोन बारकावे. काही गाड्यांमधले सेल्फ लेव्हलिंग शॉक, निव्होमॅट नावाचे, गाडी चालताना रस्त्याच्या हेलकाव्यांतून स्वतःला पंप करतात. उभ्या गाडीला कॅरॅव्हॅन जोडली की ती भरपूर बसलेली दिसते, थोडं अंतर चालवलं की वर येते. ड्राइव्हवेमध्ये फूटपट्टी लावून घाबरून जाऊ नका, एक चक्कर मारून या आणि मग मोजा. हे शॉक गेले आणि कोणी साधे बसवले तर गाडी कायमची बसते, कारण तिथली स्प्रिंग मुळात हलकी असते.

दुसरं, एअर सस्पेन्शनच्या गाडीत जोडताना उंची बदलत असते. जोडणी कोणत्या मोडमध्ये करायची ते हँडबुकमध्ये असतं, ते पान वाचा. नोजवेट मोजायची उंची मात्र चालवतानाच्या नॉर्मल उंचीवरून घ्यायची.

१४. ट्विन ॲक्सल कॅरॅव्हॅनचं नोजवेट आमच्याकडे ४० पासून १३० पर्यंत काहीही येतंय!

येणारच. दोन ॲक्सल असले की नाक जरा वर केलं तर पुढच्या ॲक्सलवरचा भार सुटून हिच आणि मागचा ॲक्सल तो घेतात, खाली केलं तर पुढचा ॲक्सल जास्त घेतो आणि नोजवेट कमी होतं. सिंगल ॲक्सलमध्ये उंचीने थोडा फरक पडतो, इथे दोन-तीन सेंटिमीटरने मोठा पडतो. म्हणून आधी गाडीला जोडून, सगळं भरून, बॉलची उंची मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याच उंचीवर मोजा. ट्विन ॲक्सलवाल्यांसाठी गाडीचं बसणं हा वेगळा विषय राहत नाही, गाडी जितकी बसेल तितकं नोजवेट बदलेल.

१५. कॅरॅव्हॅनचं नाक वर राहतंय. चालेल का?

नको. सिंगल ॲक्सलमध्ये नाक वर म्हणजे नोजवेट कमी (प्रश्न ७), शिवाय वारा खालून शिरतो. बहुतेक वेळा एसयूव्हीला उंच टोबार बसवलेला असतो. गाडी पूर्ण भरलेली असताना टोबॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असायला हवा. १ ऑगस्ट १९९८ नंतर नोंद झालेल्या कारना टाइप अप्रूव्ह्ड (त्या गाडीसाठी अधिकृत मान्यता मिळालेला) टोबारच लागतो, तेव्हा ड्रॉप प्लेट (बॉल खाली आणायची पट्टी) वगैरे जुगाड स्वतः करू नका, टोबारवाल्याकडे जा.

१६. अमेरिकन व्हिडिओंमध्ये १० ते १५ टक्के सांगतात. कोण खरं?

दोघंही आपापल्या घरी. तिकडचे ट्रेलर वेगळे बांधलेले, टोबार जास्त भार घेणारे, आणि जड ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावून मागचा भार पुढच्या चाकांवर ढकलतात. आपल्या १,४०० किलोच्या कॅरॅव्हॅनला १५ टक्के लावले तर २१० किलो होतात, इथल्या हिचची पाटी १०० म्हणतेय. तो हिच इथल्या चॅसीसाठी बनलेला नाही, मागवू नका. न्यू जर्सीच्या भाच्याचं ऐका, पण नोजवेट सोडून.

१७. नोजवेट गाडीच्या पेलोडमध्ये (गाडी अंगावर वाहू शकते त्या वजनात) धरायचं का?

हो, आणि इथे बरेच जण फसतात. गाडीचं कमाल वजन २,०५० आणि कर्बवेट १,५५० असेल तर हातात ५००. चौघांचे २०५, डिकीतलं सामान १२०, नोजवेट ८०, झाले ४०५. छपरावर बॉक्स टाकला की संपलं. कर्बवेटमध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो की नसतो हे उत्पादकागणिक बदलतं, ते बघून घ्या. मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी बघायची, एकूण वजन आत असूनही ती ओलांडली जाऊ शकते (कारण प्रश्न १० मधला हिशोब).

१८. इलेक्ट्रिक गाडी घेतोय, ती ओढेल का?

मॉडेल बघून. किआची ईव्ही६ किंवा ह्युंदाईची आयोनिक ५ यांचे मोठ्या बॅटरीचे काही प्रकार १,६०० किलोपर्यंत ओढतात, पण काही इलेक्ट्रिक गाड्यांना टोबार मिळतो तो फक्त सायकल रॅकसाठी, तिथे नोजवेटचा आकडा असतो आणि ओढायच्या वजनाचा शून्य. बॅटरी जड म्हणून पेलोड पण कमी असू शकतो, तेव्हा प्रश्न १७ चा हिशोब ऑर्डर देण्याआधी करा.

१९. सायकली कुठे लावू?

कॅरॅव्हॅनच्या मागच्या भिंतीवर तर नाहीच, कारण प्रश्न ८. पुढच्या ए-फ्रेमवरच्या (हिचमागच्या तिकोनी सांगाड्यावरच्या) रॅकमध्ये दोन सायकली आणि रॅक मिळून चाळीसेक किलो होतात, त्यातले बहुतेक नोजवेटमध्ये येतात, मर्यादा तिथेच संपते. गाडीच्या छपरावर, किंवा कॅरॅव्हॅनच्या आत ॲक्सलवर जुनी चादर अंथरून आडव्या, नीट बांधून. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी काढून गाडीत.

२०. आमच्याकडे स्टॅबिलायझर हिच आहे आणि एटीसी पण आहे. मग एवढं मोजायचं कशाला?

स्टॅबिलायझर घर्षणाने डोलणं दाबतो, एटीसी कॅरॅव्हॅनचे ब्रेक आपोआप लावतो. दोन्ही चांगले, माझ्याकडे दोन्ही आहेत. पण चुकीची भरलेली कॅरॅव्हॅन स्टॅबिलायझरमुळे ५० वर शांत वाटते आणि ६० वर एकदम सुटते, म्हणजे इशारा मिळायचा तो मिळतच नाही. बॉलला ग्रीस लागलेलं असेल तर घर्षणवाला स्टॅबिलायझर तसाही निकामी, बॉल कोरडा आणि स्वच्छ हवा.

२१. आणि डोलायला लागलीच तर?

पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. करकचून ब्रेक नाही, उलटसुलट स्टिअरिंग नाही, आणि "वेग वाढवला की सरळ होते" हे ज्याने सांगितलं त्याचा नंबर डिलीट करा. हायवे कोडच्या ९८ व्या नियमातही पाय उचलून हळूहळू वेग कमी करा असंच आहे. इथे ओढताना मर्यादा सिंगल कॅरेजवेवर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आपल्याला बंद. उतारावर मी ५५ च्या वर जात नाही, मागे रांग लागली तर लागू दे.

सावरल्यावर पुढच्या सर्व्हिसेसला थांबा आणि काय कुठे सरकलंय ते बघा. आत कपाट उघडून सामान मागे गेलेलं असतं बऱ्याचदा.

२२. गावाकडे पुण्यात कॅरॅव्हॅन घ्यायचा विचार आहे, हेच नियम लागू होतील का?

भारतात भाड्याने मिळतात त्या बहुतेक इंजिनवाल्या, म्हणजे मोटरहोम, त्यांना नाकच नाही. मागे ओढायची घेतलीत तर वजनाचं शास्त्र तेच, इथल्या मर्यादा, टक्केवारी आणि वेग मात्र तिकडे चिकटवू नका, गाडीच्या उत्पादकाने ओढायचं वजन दिलंय का ते आधी विचारा.

२३. दरवेळी मोजायलाच पाहिजे का? कंटाळा येतो हो.

पहिल्या चार-पाच ट्रिपला दरवेळी, जाताना आणि येताना. मग कुठली वस्तू कुठे ठेवली की किती येतं हे हाताला बसतं. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय: आटा मधल्या बाकाखाली, ऑनिंग दारात, एक सिलिंडर भरलेला, नोजवेट ७२. तसंच भरलं तर मोजत नाही. सिलिंडर दोन झाले, बॅटरी बदलली, मोटर मूव्हर (कॅरॅव्हॅन जागच्या जागी हलवायची मोटर) बसवला, पाहुणे म्हणून आईबाबा आले आणि त्यांच्याबरोबर लोणच्याच्या बरण्या आल्या, की परत काटा बाहेर.